अक्का आहेच की

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, सिद्धेश्वर तलावाच्या कडेला कट्ट्यावर बसलेल्या शिवलीलेच्या मांडीवर एका अनोळखी बाईने दोन केळी ठेवली. श्रावणातला पहिला सोमवार. देवळाकडे माणसांची रीघ लागली होती आणि ती बाई वाटेत बसलेल्या प्रत्येकाला केळी देत पुढे सरकत होती. डोक्यावरून ओढणी घेतलेली, पाय पसरलेली, तोंड उघडं टाकून धापा टाकणारी ही जाडजूड बाई तिला मागणाऱ्यांच्या रांगेतलीच वाटली. रांग होतीच, शिवलीलेच्या उजव्या हाताला एक म्हातारा आणि त्याच्या पलीकडे आणखी तिघेचौघे बसले होते. बसताना तिने पाहिलंच नव्हतं. श्वास संपला तिथे कट्टा दिसला, एवढंच. 'अहो, मी फिरायला आलेय' हे वाक्य बोलायला लागते तेवढी हवा तिच्या छातीत नव्हती. ती गोळा होईपर्यंत बाई देवळाच्या गर्दीत दिसेनाशी झाली. शेजारच्या म्हाताऱ्याने आपली केळी पाहिली, मग तिची पाहिली.

"तुमाला मोटी मिळाली," तो म्हणाला.

तिने मान हलवली. काय करायचं या केळ्यांचं? परत कुणाला द्यायची? म्हाताऱ्याला द्यावी तर तो आधीच हिशोबाला बसलेला. फेकावी तर प्रसाद. हा विचार चालू असतानाच एक केळं सोललं गेलं आणि अर्धं तोंडात गेलं. दुसरं तिने सावकाश खाल्लं, शिक्षा भोगावी तसं.

"सोमवारीच बरं असतंय हितं," म्हातारा माहिती देत म्हणाला. "गुरवारी मटाकडं जावा. तितं भात असतोय."

शिवलीला उठली. उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागला. ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती, एका हायस्कुलात भूगोल शिकवत होती, आणि धाकट्या भावाला, गुरुशांतला, किडनी द्यायची म्हणून रोज पहाटे तलावाला फेरी मारायला येत होती. पंधरा किलो वजन उतरल्याशिवाय आणि काठावर आलेली साखर मागे सरल्याशिवाय पुण्याचे डॉक्टर तिची किडनी घ्यायला तयार नव्हते. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी होती. दोन महिन्यांत तीन किलो उतरले होते. आज त्यात दोन केळ्यांची भर.

परतीला तिने रिक्षा केली. येतानाही रिक्षानेच यायची, कारण घरापासून तलावापर्यंत चालत आलं तर तलावाची फेरी मारायला ती उरत नसे. पहिल्या दिवशी रिक्षावाल्याने आरशातून तिचे नवेकोरे बूट पाहून विचारलं होतं, "चलने कू रिक्षा में जाते क्या मॅडम?" हा प्रश्न त्याने अगदी निरागसपणे विचारला होता. आता तो काही विचारत नसे, बूट दिसले की थांबत असे. या व्यायामाच्या भानगडीत तिला सगळ्यात वैताग याचाच होता की तो चारचौघांत करावा लागे. खाणं घरात होत होतं, बसणं घरात होत होतं, लठ्ठ होण्याची सगळी वर्षं तिने खासगीत काढली होती. आणि ते फेडायला मात्र चौकात यायचं. मांड्या एकमेकींना घासून सोलवटतात हे कुणाला सांगणार? घाम आधी पाठीच्या पन्हळीतून उतरतो, मग कमरेच्या वळीत साचतो आणि तिथे झोंबतो. छातीत डाव्या बाजूला एक टाचणी टोचते, ती हृदयाची की वायूची हे कळत नाही आणि ते कळेपर्यंत जीव अर्धा होतो. अशा वेळी मागून काड्यांसारख्या दोन मुली पळत येतात, बाजूने जाताना अंगठा उंचावून "काकू, मस्त, चालू ठेवा" म्हणतात. त्यांना तळ्यात ढकलावंसं तिला रोज वाटे. कुणी हसलं असतं तर परवडलं असतं. लहानपणापासून हसणाऱ्यांची सवय होती. मैंदर्गीला आजोळी मावस-मामे भावंडं तिला 'उंडी' म्हणत, लाडूला उंडी म्हणतात म्हणून. हे प्रोत्साहन नवीन होतं आणि त्याच्याशी भांडता येत नव्हतं.

घरी मल्लिकार्जुन, तिचा नवरा, चहा करून बसलेला. तो वीज कार्यालयात होता, शेवग्याच्या शेंगेसारखा. चार ज्वारीच्या भाकरी खाऊन वर भात घेई आणि त्याच्या अंगाला काही लागत नसे. त्याने तिच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं होतं. ती नववीच्या वर्गात मान्सूनचे वारे शिकवत असताना ते थरथरे आणि पडद्यावर येई: उठा, थोडं चाला. ती उभीच असे.

"झाली फेरी?" त्याने विचारलं.

"अर्धी."

"अर्धी तर अर्धी. काल पाव होती."

"कालही अर्धीच होती."

"मग आज काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. केळ्यांचं ती कुणाला सांगणार नव्हती. शाळेतले क्रीडाशिक्षक बिरप्पा सर मात्र तिची अवस्था न सांगता ओळखत. ते मंगळवेढ्याकडचे, पन्नाशी उलटलेले, गळ्यात शिट्टी. तिला जिन्याशी थांबलेलं पाहिलं की हटकून जवळ येत. गुडघा दुखतो म्हणाली तर म्हणाले होते, "दुकूद्या की मॅडम. दुकतंय म्हंजे चालू झालाय. न दुकणारा गुडगा मेलेला आसतोय." तिचे सगळे तास मुख्याध्यापकांनी तळमजल्यावर दिले होते, ते बिरप्पा सरांनी खटपट करून पुन्हा दुसऱ्या मजल्यावर करून घेतले, तिला न विचारता, तिच्या भल्यासाठी. तिच्या भल्यासाठी किती माणसं कामाला लागली होती. शेजारणीने मेथीचं पाणी सुचवलं. शाळेतल्या एका बाईंनी व्यायामाचा व्हिडिओ पाठवला, त्यातली केसांची शेपटी बांधलेली पोरगी हिंदीत "बस, दस और" असं गोड आवाजात म्हणत राही. तो बघत शिवलीला सतरंजीवर खाली बसली आणि मग उठता येईना. सोफ्यापर्यंत लोळत जाऊन, त्याचा पाय धरून ती उठली. पोरगी तोवर वीसवर गेली होती.

पुण्याचे डॉक्टर शांत, हळू बोलणारे. पहिल्या भेटीत त्यांनी मल्लिकार्जुनला बाहेर बसवलं, दार लोटलं, आणि कागदांकडे न बघता तिच्याकडे बघून म्हणाले, "ताई, प्रत्येकाला विचारतो तसं तुम्हाला विचारतो. मनापासून द्यायची नसेल तर मला सांगा. मी घरच्यांना एवढंच सांगेन की तपासणीत बसत नाही. कारण सांगायला मी बांधील नाही. ते ह्या खोलीतच राहील." तिला इतका राग आला की कानशिलं तापली. "माझा भाऊ आहे तो," ती म्हणाली. "ठीक आहे," डॉक्टर म्हणाले, "मग वजन उतरवा." बाहेर आल्यावर मल्लिकार्जुनने काय झालं विचारलं तर तिने "वजन" एवढंच सांगितलं. परतीच्या गाडीत दौंडला तिने लागोपाठ दोन वडापाव खाल्ले आणि भिगवण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. प्रत्येकाला विचारतो म्हणाले. मग राग का आला? प्रत्येकाला विचारायचा प्रश्न होता तर तो तिच्यापाशी येऊन असा का थबकला, जणू तिच्या तोंडावर काही लिहिलेलं त्यांना दिसलं? ती आरशात बघायची तेव्हा तिला गाल दिसत, दुसरी हनुवटी दिसे. लिहिलेलं काही दिसत नसे.

विचारलं मात्र त्यांनीच पहिल्यांदा. घरी कुणी विचारलं नव्हतं. गेल्या दिवाळीनंतर गुरुशांतच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं, तेव्हा त्याच्या घरी सगळे जमले होते. आईला, सुंदरम्माला, साखर, ती बाद. भावजय महानंदा, तिचा रक्तगट जुळत नव्हता. मामा सत्तरीचे.  मग आई पदराने चष्मा पुसत म्हणाली, "अक्का आहेच की." सगळ्यांनी माना डोलावल्या, महानंदा चहा टाकायला उठली, आणि शिवलीलेनेही मान डोलावली. तिला ते वाक्य ओळखीचं होतं. ती सहा वर्षांची असल्यापासून तिने ते ऐकलं होतं. शेतावरून येताना गुरुशांत रडायला लागला की वडील पुढे चालत राहत, म्हणत, अक्का आहेच की. आणि ती त्या जड पोराला कडेवर घेई, एका बाजूला कलंडून बांध ओलांडत येई. सहावीची सहल विजापूरला गेली तेव्हा आई आजारी होती. गुरुशांतला कोण बघणार, अक्का आहेच की. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात रात्री कोण थांबणार, हा प्रश्न तर कुणी उच्चारलाही नव्हता. तिला ते आवडायचं नाही असं नव्हतं, हीच अडचण होती. कुणीतरी आपल्याला गृहीत धरतं यात एक ऊब असते, भिंतीला टेकून बसल्यासारखी. आणि भिंतीला कुणी विचारत नाही, टेकू का म्हणून.

पण एक गोष्ट ती स्वतःशीसुद्धा धड बोलत नसे. रविवारी सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं, पोटावरून वाकून आकडा बघायचा. आणि आकडा हलला नाही असं दिसलं की तोंडाने ती "मेल्या" म्हणे, चिडे, काट्याला पायाने सरकवून कॉटखाली ढकले. हे सगळं खरं होतं. पण ते चिडणं येण्याच्या आधी, अगदी पापणी लवते तेवढा वेळ, घशातून एक गार घोट उतरल्यासारखं व्हायचं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. ती लगेच चिडत असे ते बहुधा त्या घोटावरच. एवढी चालत होती, भात सोडला होता, साखरेविना चहा पीत होती, मग हे काय होतं? डॉक्टरांनी देऊ केलेली सुटका शरीर आपण होऊन घेत होतं की काय? तिने मोठ्या आवाजात नाही म्हटलं होतं त्या खोलीत, आणि हे शरीर मागे राहून हळूच हो म्हणत होतं?

वजन न उतरण्याला साधं कारणही होतं, आणि ते स्टीलच्या डब्यांतून यायचं. गुरुशांतचं मधल्या मारुतीजवळ भांड्यांचं दुकान. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याचं डायलिसिस. उरलेल्या दिवशी थोडा वेळ दुकानात बसून संध्याकाळी तो अक्काकडे येई. हातात डबा असे. "महानंदानं पाठवलंय," म्हणे. कधी धपाटे आणि लोण्याचा गोळा, कधी शेंगापोळ्या, कधी पुरणाचे कडबू, कधी तूप सुटलेली गव्हाची हुग्गी. त्याला यातलं काही चालत नव्हतं. शेंगा नाहीत, केळं नाही, नारळपाणी नाही, पाणीसुद्धा मापून. तो समोरच्या खुर्चीवर बसे, डाव्या हातावरची डायलिसिसच्या सुयांची फुगलेली शीर बाहीखाली झाकून, आणि तिच्या ताटाकडे बघत राही.

"मला चालत नाही आता हे," ती म्हणे. "तुला माहीत आहे ना?"

"एकानं काय होतंय अक्का? तू खाल्लेलं बघितलं की माझं पोट भरतंय."

यावर काय बोलायचं? ज्या माणसाला तहानेला घोटभर पाणी मिळत नाही, त्याने असं म्हटल्यावर कुठल्या तोंडाने डबा बाजूला सारायचा? ती वैतागे, महानंदाला मनातल्या मनात शिव्या देई की या बाईला अक्कल आहे की नाही, आणि खाई. चवीने खाई, हे त्यातलं वाईट. डबे साठत चालले होते. रिकामा डबा परत द्यायचा नाही, निदान साखर तरी घालून द्यायची, ही घरची रीत. पण त्या घरी घालून द्यायचं तरी काय, जिथल्या माणसाला सगळ्याचीच बंदी? म्हणून ते तसेच राहिले, तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर एकात एक. दुकानातले नवे, झाकणावर चिकटवलेला कागद अजून न निघालेले.

केळ्यांच्या दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. पंचमी म्हणजे त्यांच्याकडे भावाबहिणीचा सण. भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो, न्यायचं जमलं नाही तर उंड्या घेऊन येतो. शाळेतून आल्यावर ती पाय गरम पाण्यात सोडून बसली होती, तेवढ्यात गुरुशांत जिना चढून आला. दर पाच पायऱ्यांना थांबल्याचं तिला ऐकू आलं. दोघं भावंडं आता सारखीच थांबत जिने चढत होती. त्याच्या हातात नेहमीपेक्षा मोठा डबा होता. शेंगेच्या उंड्या, तिळाच्या, डाळ्याच्या पिठाच्या, वेलदोड्याचा वास खोलीभर.

"नको," ती म्हणाली. "गुरू, नको. पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचंय."

"पंचमीला भावाच्या हातचं नको म्हणतेस?"

"तुझ्या हातचं कुठलं? बायकोच्या हातचं."

तो हसला. चेहरा सुजलेला असला तरी हसला की त्याचा तोच पोरवयाचा ओठ एका बाजूला जाई. "झोका आठवतोय?" त्याने विचारलं. तिला आठवत होता. मैंदर्गीला कडुनिंबाला बांधलेला, दोन पोरी उभ्याने घेत तो. तिच्यासोबत कुणी उभी राहायला तयार नसे, दोर तुटेल म्हणून. मग गुरू तिच्या समोर उभा राहायचा, आठ वर्षांचा, तिच्या छातीएवढा, आणि गुडघे वाकवून वाकवून झोका चढवायचा. वर गेल्यावर मामाच्या घराची कौलं दिसायची. दोर तुटला नव्हता कधी. तिने एक उंडी उचलली. मग दुसरी. तो बघत होता, नेहमीसारखा, आणि पहिल्यांदाच तिला त्या बघण्यात काहीतरी खटकलं. भुकेलेला माणूस घासाकडे बघतो. हा तिच्या तोंडाकडे बघत होता. काम पुरं होतंय का ते बघावं तसा.

तो गेल्यावर तिने महानंदाला फोन लावला. सणाचं बोलायला, आणि जमलं तर चार शब्द सुनवायलाही.

"उंड्या छान झाल्या होत्या," ती म्हणाली. "पण आता पुरे हं. किती पाठवशील?"

"कसल्या उंड्या अक्का?"

"आज गुरूनं आणल्या त्या."

"आमच्यात यंदा पंचमी कुठली?" महानंदा म्हणाली. "मी घरात तळणीची कढईच चढवली नाही, दोन महिने झाले. त्यांच्या समोर कसं खायचं आम्ही?"

"मग धपाटे? शेंगापोळ्या?"

"कुठल्या?"

 पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता, आई कन्नडमध्ये कुणाला तरी काही विचारत होती. मग महानंदा अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "अक्का, वजन उतरतंय ना तुमचं? तिकिटं काढलीत मी पुण्याची." तिच्या आवाजातली भीती शिवलीलेला पूर्ण ऐकू आली. त्या भीतीवर रागावता येत नव्हतं. "उतरतंय," ती म्हणाली. मग आईने फोन घेतला. "ऊटा आतेन?" जेवलीस का, हा आईचा एकच प्रश्न, तिच्या जन्मापासूनचा. "साकु ग आई," शिवलीला म्हणाली, "पुरे आता जेवण." आईला तो विनोद वाटला.

बुधवारी तिने शाळेतून अर्धी रजा टाकली आणि डायलिसिस चालतं तिथे गेली. खोलीत ओळीने खाटा, प्रत्येक खाटेशी यंत्र, नळ्यांतून फिरणारं रक्त. यंत्रं एका लयीत घरघरत होती. सोलापुरात लहानपणी रात्री यंत्रमागांचा आवाज यायचा, त्या आवाजात झोप लागायची, तसला सतत आवाज. गुरुशांत डोळे मिटून पडला होता. ती स्टुलावर बसली. स्टूल कुरकुरलं, त्याने डोळे उघडले.

"अक्का? शाळा?"

"डबे कुठून आणतोस?"

त्याने छताकडे बघितलं. "महानंदा बोलली वाटतं."

"कुठून आणतोस?"

"बुधवार पेठेत एक बाई आहे. मैंदर्गीचीच. ऑर्डर घेती. चव आपल्या घरची आहे, नाही?"

"कधीपासून?"

"असंच."

"गुरू, कधीपासून?"

"तू चालायला लागलीस तेव्हापासून," तो म्हणाला.

शेजारच्या खाटेवरचा माणूस कूस बदलायचा प्रयत्न करत होता. परिचारिका आली, नळी सरळ करून गेली. शिवलीलेला वाटलं आपण ओरडू, पण आवाज निघाला तो वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला दरडावतात तसा, खालचा. "मी रोज तिथे जाऊन मरतेय. लोक मला भिकारीण समजतात. पायाची सालटी निघालीत. आणि तू मला तूप पाजतोयस?"

"व्हय," तो म्हणाला. दुकानातल्या गावाकडच्या गिऱ्हाइकांशी बोलताना त्याच्या तोंडी ही बोली यायची. तिच्याशी तो असं कधी बोलत नसे.

"का?"

"तुला कुणी विचारलं नाही म्हणतेस ना?"

"मी कधी म्हणाले असं?"

"तसं म्हणाली नाहीस. बरं. मला कुणी विचारलं का, घेतोस का म्हणून?" तो थांबला, श्वास घेतला. "लहानपणी मला कडेवर घ्यायचीस शेतावरनं. माझे पाय तुझ्या गुडघ्यापर्यंत लोंबायचे. मला उतरायचं असायचं अक्का. तू उतरू द्यायची नाहीस."

"रडायचास तू."

"उतरायसाठीच रडायचो की."

यंत्र वाजायला लागलं. परिचारिका परत आली. "दादा, बीपी वाढतंय, बोलू नका. ताई, तुम्ही बाहेर थांबता का?" ती बाहेर येऊन थांबली. बाकावर बसलेल्या बायका डबे उघडून जेवत होत्या. तिला भूक नव्हती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच नव्हती, आणि त्याचंही तिला आश्चर्य वाटण्याऐवजी चीड आली. हा कोण ठरवणारा? डॉक्टरांनी दार लोटून जे देऊ केलं होतं, ज्यावर ती एवढी तडकली होती, तेच हा दोन महिने डब्यात घालून तिच्या घरी पोचवत होता. तिने मागितलं होतं का? की मागितलं होतं? त्यालाही ते तिच्या तोंडावर दिसलं होतं का, तो गार घोट, डॉक्टरांना दिसला तसा? ज्याला ती कडेवर घेऊन फिरली त्याला तिचा चेहरा इतक्या जवळून माहीत असणारच. हे सहन होण्यासारखं नव्हतं. किंवा त्याला ऑपरेशनची भीती वाटत असेल, साधी भीती, आणि बहिणीच्या वजनाआड लपणं सोपं गेलं असेल. किंवा त्याने आतल्या आत काही दुसरंच ठरवलं असेल, ज्याचं नाव घ्यायला ती तयार नव्हती. तिला हेही कळत नव्हतं की आता किडनी द्यायची ती त्याच्यासाठी की त्याला खोटं पाडायला. नाही म्हणायचं असेल तर ते तिचं स्वतःचं 'नाही' असायला हवं होतं. तेही त्याने आधीच उचलून नेलं. आयुष्यभर सगळ्यांनी तिच्या वतीने हो म्हटलं होतं; आता एकाने तिच्या वतीने नाही म्हटलं, आणि तिला दोन्हींत फारसा फरक दिसेना.

ती त्याला घरी घेऊन गेली, रिक्षातून.  उतरताना त्याने तिचा हात धरला, तोल जाऊ नये म्हणून, आणि धरून ठेवला. महानंदा दारात उभी होती. "कसं होतं आज?" तिने विचारलं. "नेहमीसारखं," शिवलीला म्हणाली. गुरुशांतने तिच्याकडे पाहिलं नाही.

गुरुवारी ती तलावावर गेली, शुक्रवारीही. त्या दोन मुली मागून आल्या, "काकू" म्हणाल्या. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचं त्या बोलल्या नाहीत. ती रागाने चालत होती. पावलं मोजत नव्हती, ॲप बंद करून टाकलं होतं. डोक्यात गुरुशांतशी भांडण चालू होतं, वाक्यामागून वाक्य, तिचीही तीच बोलत होती आणि त्याचीही तीच, आणि त्या भांडणात किल्ल्याची भिंत मागे गेली, देवळाचा पूल गेला, नेहमी धाप लागते ती चढण गेली. छातीतली टाचणी होती, मांड्या सोलवटत होत्या, पण त्यांना आज कुणी विचारत नव्हतं. कुठेतरी वाटेत तिच्या लक्षात आलं की आपण बसलो नाही. तेव्हा ती अधिकच वैतागली. आता हे शरीर कुणाचं ऐकतंय? ते पुण्याच्या दिशेने चाललंय की पुण्यापासून लांब? घाम डोळ्यांत उतरला, तो पुसून ती चालत राहिली, कारण थांबलं असतं तर या प्रश्नाचं काहीतरी करावं लागलं असतं. फेरी पुरी झाली तिथे तिचा रिक्षावाला उभा होता. "आज जल्दी हो गया मॅडम," तो म्हणाला. तिने त्याला जा म्हणून हात केला.

शुक्रवारी डायलिसिसहून आल्यावर गुरुशांतचा फोन आला. मल्लिकार्जुन शेजारी बसला होता, म्हणून ती गॅलरीत गेली.

"चालतेस?" त्याने विचारलं.

"चालते."

"कशासाठी?"

 खाली कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती.

"तुला उतरायचंय का?" तिने शेवटी विचारलं.

पलीकडे त्याने खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "आधी तू सांग."

"मी आधी विचारलंय."

"तू नेहमीच आधी," तो म्हणाला. तो हसला की खोकला, तिला कळलं नाही. मग पलीकडून महानंदाची हाक आली आणि त्याने फोन ठेवला.

शनिवारी सकाळपर्यंतची स्थिती अशी. काट्यावर आणखी दीड किलो कमी दिसलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यापासून ते अजून बरंच दूर आहे. आकडा पाहिल्यावर घशाखाली काय उतरलं याकडे ती लक्ष ठेवून होती, पण काही कळलं नाही. डब्यांची गोष्ट तिने मल्लिकार्जुनला सांगितलेली नाही, आईला सांगितलेली नाही. गुरुशांतनेही घरी सांगितलेली नाही, असं महानंदाच्या बोलण्यावरून वाटतं. पुण्याची तिकिटं येत्या गुरुवारच्या सकाळच्या गाडीची आहेत, भावाबहिणीची शेजारी शेजारी. दोघांपैकी कुणीही ती अजून रद्द केलेली नाहीत.